ताईच्या जीपला पॉवर स्टिअरिंग

‘त्यात काय एवढं?’ हे तीन शब्द मी आयुष्यात फार वेळा उच्चारले आहेत. दर वेळी ते उच्चारताना मला त्यातलं काहीही माहीत नव्हतं, आणि दर वेळी ते जाणून घेण्याची मला भयंकर उत्सुकता होती. माझ्या बायकोच्या मते ही उत्सुकता नसून खोड आहे. आमचं भिंतीवरचं घड्याळ, इस्त्री आणि शेजाऱ्यांचा पोपटाचा पिंजरा (पोपटासकट) मी उघडून पाहिलेला असल्यामुळे तिच्याशी वाद घालण्याच्या स्थितीत मी नाही.

या वेळी हे शब्द निघाले ते मात्र ताईसाठी. ताई माझी थोरली बहीण, जनावरांची डॉक्टर. नदीपलीकडच्या डोंगरातल्या बावीस वस्त्या तिच्याकडे आहेत. तिकडे जो जातो त्याला कागदोपत्री रस्ता म्हणतात. त्यावरून ताईची अठ्ठावीस वर्षांची जीप सोडली तर दुसरं कुठलंही चारचाकी वाहन जात नाही, आणि ही जीप जाते ती ताईच्या मनगटाच्या जोरावर. उभ्या जागी तिचं स्टिअरिंग वळवायचं म्हणजे बंद पडलेला रहाट ओढायचा. मी एकदा ओढला होता. नंतर दोन दिवस मला शर्टाची बटणं बायकोने लावून दिली.

चार महिन्यांपूर्वी एका बैलाने ताईला कुंपणाच्या खांबावर भिरकावलं. उजवा खांदा मोडला, ऑपरेशन झालं, खांदा जुळला. सर्जन म्हणाले, गाडी चालवा, पण असलं जड स्टिअरिंग पुन्हा हातात धरलंत तर खांदा घेऊन माझ्याकडे येऊ नका. पाठोपाठ तिच्या खात्याच्या मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. महिनाअखेरच्या शुक्रवारी संध्याकाळी पाचच्या आत ताईने स्वतः वाहन चालवत येऊन हजर व्हावं. वाहनात काही बदल केला असल्यास वाहन कार्यालयाचं मंजुरीपत्र सोबत आणावं. अन्यथा त्यांची नेमणूक अभिलेख कक्षात करण्यात येईल. अभिलेख कक्ष तळघरात आहे. तिथे खिडकी नाही. तिथे सध्या जे गृहस्थ आहेत ते जिवंत आहेत की नाही याबद्दल कार्यालयात दोन मतं आहेत.

ताईने ते पत्र आमच्या जेवणाच्या टेबलावर वाचलं, घडी केली, मग घडीची घडी केली.

"मी तिथे मरेन रे छोट्या," ती म्हणाली. ताई रडणारी बाई नाही. हे तिने मीठ मागावं तसं म्हटलं, म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

"पॉवर स्टिअरिंग बसवून घेऊ," मी म्हणालो. "त्यात काय एवढं?"

स्वयंपाकघरात भांडं पडल्याचा आवाज झाला. बायकोने ऐकलं होतं. माझं वय एक्कावन्न, तरी ताईसाठी मी छोट्याच आहे, आणि छोट्याने शब्द दिला होता. हातात सव्वीस दिवस होते.

आमचं घर गावाच्या अगदी कडेला. मागचं अंगण मोठं, म्हणून जीप तिथे आणून उभी केली. उभी केल्यापासून अर्ध्या तासात सल्ला द्यायला माणसं जमली. समोरचे काका जन्मभर बोटीवर सुकाणू धरून होते. जमिनीवर येऊन त्यांना बारा वर्षं झाली, पण मनाने ते अजून उतरलेले नाहीत. त्यांनी जीपभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, "हायड्रॉलिक्स म्हणजे तेलाचा दाब. चाळीस हजार टनांची बोट मी दोन बोटांनी वळवलेली आहे." मी विचारलं, तेल नेमकं कुठून कुठे जातं? ते म्हणाले, "ते खालच्या लोकांना माहीत असायचं."

वरच्या मजल्यावर राहतात ते विमावाले. त्यांना कुठलीही वस्तू दाखवली की ती कशी पेट घेईल हे आधी दिसतं. "तेल गरम होणार," ते म्हणाले. "शेजारी इंजिन. मी काही बोलत नाही. बहीण तुमची आहे." एवढं बोलून त्यांनी पाण्याची एक बादली भरून जीपशेजारी आणून ठेवली.

मिस्त्री मात्र कामाचा माणूस निघाला. आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याचं गॅरेज आहे. त्याने जीपखाली डोकं घातलं, बाहेर काढलं आणि विचारलं, "साहेब, कशाला?" मी ताईचा खांदा, पत्र, तळघर सगळं सांगितलं. त्याने पुन्हा डोकं आत घातलं. त्याच्या बोलण्याचा सारांश असा की, या जीपसाठी कंपनीने पॉवर स्टिअरिंग कधी बनवलंच नाही. पण एका लहान मालट्रकचं बसू शकेल. बसू शकेल म्हणजे बसेल असं नाही. बसेल म्हणजे चालेल असं नाही. तरीही भंगारबाजारात आम्ही दोघे गेलो आणि तीन तास धुंडाळून एक पंप, एक स्टिअरिंगची पेटी आणि दोन रबरी नळ्या घेऊन आलो. मिस्त्रीने मला बजावलं, "साहेब, मी सोमवारी येतो. तोवर हात लावू नका."

आता, माणसाने माणसाला सांगू नये अशा काही गोष्टी असतात. शनिवारी दुपारी घर शांत होतं. पंप जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्रावर बसला होता. एवढीशी वस्तू, दोन मुठींएवढी, आणि ती म्हणे बैलासारखी जीप वळवणार! आत काय असेल? मी फक्त झाकण काढून पाहणार होतो. झाकणाखाली एक कडी होती. ती जरा दाबल्यावर उडाली आणि आतून दहा चपट्या पोलादी पट्ट्या आणि त्या भंगारबाजाराच्या आठवणीतलं सगळं तेल एकाच वेळी बाहेर आलं. नमनालाच घडाभर तेल म्हणतात ते मी प्रत्यक्ष पाहिलं. ते टेबलावरून खुर्चीवर आणि खुर्चीवरून माझ्या नव्या पँटवर आलं. सापडलेल्या पट्ट्या मी घाईघाईने बायकोच्या केकच्या ट्रेमध्ये ओळीने मांडल्या. नऊच भरल्या.

दहावी पट्टी संध्याकाळी बायकोलाच पायाखाली सापडली. त्या वेळी ती जे बोलली ते मी इथे देत नाही, पण एक गोष्ट नमूद करतो. तेल पुसून झाल्यावर तीही माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "अहो, पण या पट्ट्या आत-बाहेर का होतात?" मग आम्ही दोघांनी तो पंप हाताने फिरवून पाहिला. फिरवला की पट्ट्या बाहेर सरकत आणि तेल पुढे ढकलत. इतकी साधी, इतकी सुंदर गोष्ट होती ती. आमच्या लग्नाला चोवीस वर्षं झाली. त्यातला तो शनिवार चांगला गेला असं मी मानतो.

सोमवारी मिस्त्रीने पंपाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पंप स्वतःच्या गॅरेजमध्ये नेऊन ठेवला. जाताना म्हणाला, "पेटी बसवायला लोखंडाचा ब्रॅकेट लागेल. तुम्ही नकाशे काढता ना? मग माप घेऊन एक चित्र काढून द्या. मी गॅरेजमध्ये पत्रा कापतो."

इथे मला माझ्या नोकरीविषयी थोडं सांगायला हवं. मी पाणीपुरवठ्याच्या कार्यालयात सत्तावीस वर्षं ड्राफ्ट्समन आहे. जमिनीखालच्या नळांचे नकाशे मी काढतो. नकाशावर बघण्याची दिशा लिहिलेली नसेल, म्हणजे वरून पाहिलंय की बाजूने की कसं, तर तो कागद मी हाताखालच्या लोकांच्या अंगावर फेकतो. माझ्या टेबलामागे मीच लिहिलेली पाटी आहे: ‘दिशा नसलेला नकाशा हा नकाशा नव्हे.’ नवीन लागलेल्यांना ती मोठ्याने वाचायला लावण्याची माझी पद्धत आहे.

तर मी जीपखाली चटई टाकली, पाठीवर झोपलो, आणि दोन संध्याकाळ मोजमापं घेत राहिलो. खालून पाहिलेली गाडी हे एक वेगळंच जग असतं. कुठे कुठली दांडी जाते आणि कुणाला ढकलते, हे बघता बघता मला वेळेचं भान राहिलं नाही. चित्र उत्तम उतरलं. भोकांची मापं अर्ध्या मिलिमीटरपर्यंत. खाली सही, तारीख. मिस्त्री ते बघून म्हणाला, "फ्रेम करून लावावं असं आहे." मला ते पटलं.

दरम्यान वाहन कार्यालय. तिथे खिडकीमागे एक गृहस्थ बसतात. त्यांनी अर्ज उलटसुलट केला.

"बदल कसला?"

"स्टिअरिंगचा."

"स्टिअरिंगचा रकाना नाही." त्यांनी अर्ज काचेला लावून दाखवला. "रंग, इंजिन, इंधन, आसनं. बदल चारच प्रकारचे असतात."

"पण हा पाचवा आहे."

"असेल. आमच्याकडे चार आहेत."

मी चौकशी केली की याआधी कुणीच स्टिअरिंग बदललं नाही का? ते म्हणाले, बदललं असेल, पण अर्ज करण्याइतका भोळा माणूस तेवीस वर्षांत आलेला नाही. मग त्यांनी सुचवलं की गाडी बनवणाऱ्या कंपनीचं ना हरकत पत्र आणा. कंपनी सोळा वर्षांपूर्वी बंद पडलेली. ते म्हणाले, मग बंद पडल्याचं पत्र आणा. ते कोण देणार? कंपनी. मी चार वेळा त्या खिडकीवर गेलो. चौथ्या वेळी मी त्यांना ताईबद्दल सांगितलं. शिक्क्याच्या शाईचं झाकण लावत ते म्हणाले, "आमच्याकडे एक कुत्री होती. तुमच्या बहिणीने तिचा पाय वाचवला होता." मग त्यांनी आसनांच्या रकान्यात ‘इतर’ अशी एक बारीक ओळ शोधली आणि तिथे ‘स्टिअरिंग’ असं लिहिलं. म्हणजे कागदोपत्री आमचं स्टिअरिंग ही एक बसायची जागा झाली. तपासणीची वेळ मिळाली शेवटच्या शुक्रवारी, साडेतीनला. त्याआधीची एकही रिकामी नव्हती.

अखेरच्या आठवड्याच्या आधीच्या शनिवारी मिस्त्रीने ब्रॅकेट आणला. बसवताना तो बरंच पुटपुटला. पेटीतून एक लोखंडी दांडा बाहेर येतो, त्याला तो आर्म म्हणत होता. तो आर्म मागच्या बाजूला यायला हवा, पण तिथे जागाच होईना. शेवटी त्याने पेटी फिरवली आणि आर्म पुढच्या बाजूला काढला. "बसलं," तो म्हणाला. "साहेब, वर बसा. इंजिन चालू करा. मी समोरून बघतो."

मी बसलो. मिस्त्री जीपसमोर, माझ्याकडे तोंड करून उकिडवा. बोटीवरचे काका आणि विमावाले भिंतीजवळ. मी एका बोटाने, खरोखर एका बोटाने, स्टिअरिंग ढकललं. ते लोण्यासारखं फिरलं. "डावीकडे!" मी ओरडलो. "डावीकडे आली!" मिस्त्री ओरडला. "उजवीकडे!" "उजवीकडे! बरोबर!" काकांनी टाळ्या वाजवल्या. मी गिअर टाकला आणि फाटकातून बाहेर पडण्यासाठी स्टिअरिंग उजवीकडे घेतलं.

जीप डावीकडे गेली. मला वाटलं मी कमी फिरवलं, म्हणून आणखी उजवीकडे घेतलं. ती आणखी डावीकडे गेली. वाटेत वाळत घातलेल्या चादरी होत्या. त्यातली एक माझ्या तोंडावर आली. त्यानंतरचं मी पाहिलेलं नाही, फक्त ऐकलं. विमावाले म्हणत होते, "मी काही बोललो नव्हतो." कोबीच्या वाफ्यात जीप थांबली.

कारण सापडायला दोन तास लागले आणि ते मलाच सापडलं, हे त्यातलं जास्तीचं दुःख. मधोमध खिळा ठोकलेल्या पट्टीचं एक टोक डावीकडे गेलं की दुसरं उजवीकडे जातं. आर्म मागे असता तर चाकं बरोबर वळली असती. पुढे आल्यामुळे उलटी वळत होती. मिस्त्री समोर तोंड करून बसलेला, त्यामुळे त्याची डावी म्हणजे जीपची उजवी, आणि म्हणून त्याला सगळं बरोबर दिसलं. आर्म पुढे का आला? कारण ब्रॅकेट उलटा झाला होता, आरशात दिसावा तसा. तो उलटा का झाला?

मिस्त्रीने खिशातून माझं चित्र काढून अंगणाच्या ओट्यावर पसरलं. "मी वरून बघतोय असं धरून पत्रा कापला," तो म्हणाला. "तुम्ही कुठून बघून काढलंय?"

मी खालून बघून काढलं होतं. पाठीवर झोपून. आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा कागदावर दिशा लिहायची राहिली होती. लोकां सांगे ब्रह्मज्ञान! मिस्त्री भला माणूस, पान्हा पुसत बसला. पण बायको सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं करत म्हणाली, "दिशा नसलेला नकाशा..." आणि आत निघून गेली. मी कोबीच्या वाफ्यात उभा राहून स्वतःचीच सही बघत होतो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती. ताईचे सव्वीस दिवस माझ्या हातात होते आणि त्यातले वीस मी उलटे खर्च केले होते.

ताई आली. तिने ऐकलं. ओरडेल असं वाटलं होतं, तर ती जीपमध्ये चढली आणि अंगणात अगदी हळू एक चक्कर मारली. मग दुसरी. दुसरी चांगली मारली. खांद्यामुळे तिचा हात वर नव्हताच. मांडीवर ठेवलेल्या हाताने तिने स्टिअरिंग खालच्या बाजूने धरलं होतं.

"छोट्या, खालून धरलं की ही सरळ चालते की रे!"

मी तिथेच खाली बसून विचार केला. स्टिअरिंगच्या चाकाचा वरचा भाग उजवीकडे जातो तेव्हा खालचा डावीकडे जातो. म्हणजे खालून धरणाऱ्याला उलटं स्टिअरिंग सुलटं लागतं! मी मिस्त्रीला बोलावून दाखवलं, काकांना दाखवलं. सगळे आपापल्या हाताने हवेत चाकं फिरवत उभे राहिलो. इतका आनंद त्या परिस्थितीत शोभणारा नव्हता, पण झाला खरा.

मिस्त्री म्हणाला, नवा ब्रॅकेट बुधवारी होईल. त्याआधी जाड पत्रा मिळत नाही. तोवर जीप उभी ठेवायची असं ठरलं. ठरलं म्हणजे मी ठरवलं. ताई मात्र रोज येऊन सकाळ-संध्याकाळ अंगणात फेऱ्या मारत होती. चार महिन्यांत गाडीला हात लागला नव्हता, आता तिला थांबवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. मंगळवारी सकाळी अकराला तिचा फोन वाजला. डोंगरातल्या पहिल्या वस्तीवर गाय अडली होती. कालपासून.

"अगं, उलटं स्टिअरिंग घेऊन?" मी म्हणालो.

"गावात शिरायचंच नाहीये. फाटकाबाहेर पडलं की कच्ची वाट, आणि नदीत सध्या घोटाभर पाणी. पहिल्या गिअरमध्ये जाईन. तू चल."

मी गेलो. त्या तासाभरात मी सीटसमोरचा आधाराचा दांडा इतका घट्ट धरला की बोटं सोडवून घ्यावी लागली. ताई खालून स्टिअरिंग धरून, कणीक मळल्यासारखे हात हलवत, दगड चुकवत चालली होती. मला विचित्र वाटलं ते हे की, माझी ताई पस्तीस वर्षं हे करते आणि मी तिच्यासोबत एकदाही आलो नव्हतो. घड्याळ, इस्त्री, पिंजरा सगळं उघडून पाहिलं, आणि ताई रोज कुठे जाते हे पाहायचं सुचलं नाही.

गोठ्यात गाईची मालकीण होती. उंच रबरी बूट, हातात दोर, शब्द कमी. ती गाईचं डोकं धरून उभी होती. गाय दुसऱ्या कुणाला धरू देत नव्हती. ताईने डावा हात घालून पाहिला. पोचला नाही. उजवा तर उचलायचाच नव्हता. तिने माझ्याकडे पाहिलं.

"शर्ट काढ."

"ताई, मी पाणीपुरवठ्यात आहे."

"काढ."

साबणाच्या पाण्याने खांद्यापर्यंत हात धुऊन मी तो जिथे घातला त्याचं वर्णन करत नाही. आत ऊब होती आणि अंधार होता, आणि त्या अंधारात काहीतरी जिवंत हललं. मी दचकलो.

"काय लागतंय?" ताईचा आवाज एकदम बदलला होता. शांत, बारीक.

"पाय. दोन."

"पुढचे की मागचे?"

"ते मला कसं कळणार!"

"सांधे बघ. खुरापासून वर ये. पहिला सांधा ज्या बाजूला वाकतो त्याच बाजूला दुसरा वाकतो, की उलट?"

मी डोळे मिटले. जमिनीखालचे न दिसणारे नळ मी जन्मभर कागदावर पाहिलेत. हाताने वर सरकलो. "त्याच बाजूला."

"मग पुढचे. छान. डोकं?"

"डोकं नाहीये! नाही, थांब, आहे. मागे वळलंय."

"डावीकडे की उजवीकडे?"

मी तोंड उघडलं आणि थांबलो. "कुणाच्या डावीकडे? माझ्या की वासराच्या? त्याचं तोंड माझ्याकडे असायला हवं होतं."

ताई हसली. गाय अडलेली, मी अर्धा गाईत, आणि ती हसली. "शाबास रे माझ्या राजा. तुझ्या."

"माझ्या डावीकडे."

मग ती सांगत गेली आणि मी करत गेलो. छातीवर तळवा ठेवून वासरू मागे ढकल. जबड्यात बोटं अडकव. कळ येईल तेव्हा थांब. आता. दोनदा हातातून निसटलं. तिसऱ्यांदा डोकं फिरून माझ्या तळहातात आलं, ओलं आणि जड, आणि त्यानंतर सगळं फार भराभर झालं. वासरू गवतावर पडलं. ताईने त्याचं नाक साफ केलं, कान ओढला, आणि ते शिंकलं. मालकीण म्हणाली, "झालं." मी बादलीवर बसलो आणि मला रडू आलं.

परतताना मी विचारलं, "ताई, स्टिअरिंग हलकं झालं तरी हे काम तुझ्या खांद्याला..."

"हात काय, प्रत्येक गोठ्यात असतात रे," ती म्हणाली. "आज तुझे होते. एरवी शेजारणीचे असतील. कालपासून तिथेही हात होतेच. काय लागतंय ते विचारणारं कुणी नव्हतं. ते पोचायला पाहिजे."

बुधवारी मिस्त्रीने नवा ब्रॅकेट बसवला. चित्र मी नवीन काढलं होतं आणि त्यावर दिशा सात ठिकाणी लिहिली होती. गुरुवारी त्याने जोडण्या तपासल्या, शुक्रवारी दुपारी जीप आम्हाला दिली आणि मी ती चालवत, ताईला शेजारी बसवून, साडेतीनला वाहन कार्यालयाच्या आवारात हजर झालो. इन्स्पेक्टरसाहेब सव्वाचारला आले. कागद वाचून त्यांनी आधी आसनं मोजली, दाबून पाहिली, एका आसनाखाली वाकून पाहिलं आणि म्हणाले, "बदल दिसत नाही." मी समजावलं. त्यांनी खिडकीकडे पाहिलं. खिडकीमागचे गृहस्थ छताकडे पाहत होते.

"बरं. बाई, चला. मी शेजारी बसतो. त्या कुंडीला डावीकडून वळसा घाला."

जीप निघाली आणि सुळकन उजवीकडे वळली.

उलट्या स्टिअरिंगची सवय! रोज सकाळ-संध्याकाळ अंगणात, आणि वर तो डोंगर. हात खालून धरायला शिकले होते आणि स्टिअरिंग आता सुलटं होतं. हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. पंप उघडून पाहिला, ताईचे हात काय शिकले ते नाही पाहिलं.

"बाई, डावीकडे म्हणालो मी."

"हो, डावीकडे," ताई म्हणाली. तिने जीप थांबवली. मांडीवरचा उजवा हात उचलला, खालून वर नेला, आणि स्टिअरिंगच्या माथ्यावर ठेवला. फार काही उंच नव्हतं ते. पण चार महिन्यांत तो हात तिथवर गेलेला मी पाहिला नव्हता. मग त्या एका हाताने, बाकी अंग न हलवता, तिने कुंडीला डावीकडून वळसा घातला. मग उजवीकडून. मग ती कुंडी आणि पलीकडची दुसरी मिळून इंग्रजी आठाचा आकडा काढला. इन्स्पेक्टरसाहेबांनी स्वतः एका बोटाने फिरवून पाहिलं आणि त्यांच्याही चेहऱ्यावर ‘आत काय असेल?’ हा भाव आला. तो मी बरोबर ओळखतो.

"स्टिअरिंग चांगलं आहे," ते म्हणाले. "हॉर्न वाजवा."

ताईने बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं.

"हॉर्नशिवाय पास होत नाही. पुढची तारीख घ्या."

पावणेपाचला दहा मिनिटं होती. पुढची तारीख तीन आठवड्यांनी. ताईने बटण आणखी एकदा दाबून पाहिलं. स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत राहिली, आणि तिची मान जरा खाली गेली. त्या क्षणी मी जीपच्या डॅशबोर्डखाली उलटा शिरलो. हॉर्नची वायर स्टिअरिंगच्या दांड्यातून येते. काम करताना ती निघाली असणार. मला तीन सुटी टोकं दिसली. मी दोन जोडली.

हॉर्न वाजला. असा वाजला की आवारातली कबुतरं उडाली. मी सोडवायला गेलो तर चटका बसला. तिसरं टोक लावून पाहिलं, तर आवाज वाढला. कार्यालयाच्या सगळ्या खिडक्यांतून माणसं कान झाकून डोकावली. इन्स्पेक्टरसाहेब ओरडून काही विचारत होते. बहुधा ‘बंद होत नाही का?’ असं. मी दोन्ही हातांनी ‘नाही’ अशी खूण केली.

"वाजतो!" ते किंचाळले. "वाजतो ना? पास!" त्यांनी बॉनेटवरच कागद ठेवून सही ठोकली. खिडकीमागचे गृहस्थ शिक्का घेऊन स्वतः बाहेर धावत आले. तेवीस वर्षांत ते बहुधा पहिल्यांदाच खिडकीच्या या बाजूला आले असतील.

मी वायर ओढायला पुन्हा वाकलो, तर ताईने माझी कॉलर धरून मला बाहेर काढलं. "वाजू दे," ती म्हणाली. कागद दातांत धरला, गिअर टाकला, आणि जीप फाटकातून बाहेर पडून उजवीकडे वळली. ज्या बाजूला वळायचं त्याच बाजूला.

मी फाटकाशी उभा राहिलो. जीप दिसत नव्हती, पण सगळ्या गावाला ऐकू येत होती. आवाज पुलाकडे गेला. पुलावर मोकळा झाला. पलीकडे डावीकडे वळला, दवाखान्याच्या भिंतीमागे दबला, पुन्हा वर आला. प्रत्येक वळण मला इथून कळत होतं. मुख्य कार्यालयाच्या चढावर तो बारीक झाला, आणि मग थांबला. माझ्या घड्याळात पाचला चार मिनिटं होती.

बॅटरी गेली, की जीप कशावर तरी आपटली, की पोचली? मी फोन हातात धरून उभा होतो. पाच वाजले. पाच वाजून सहा मिनिटांनी तो वाजला.

"छोट्या, दारात वायर उपटली आणि वर पळाले. झाली सही," ताई म्हणाली. तिला दम लागला होता. "साहेब स्वतः जिन्यात आले. म्हणाले, फिरती तुमचीच ठेवतो, पण ते वाहन घेऊन पुन्हा इथे येऊ नका."

मी नुसतंच ‘हं’ म्हटलं. मागे वाहन कार्यालय बंद होत होतं. खिडकीमागचे गृहस्थ डबा घेऊन बाहेर पडले, माझ्याजवळ थांबले, आणि अजून कान चोळत त्यांनी विचारलं,

"थांबला एकदाचा. कुणाचा हो तो एवढा आवाज?"

आता हा गृहस्थ स्वतः शिक्का घेऊन धावला होता. त्याला पक्कं माहीत होतं. पण त्याने विचारलं, आणि मलाही ते मोठ्याने सांगायचंच होतं.

"माझ्या ताईचा," मी म्हणालो.